तोंडातली बखर

रात्री साडेनऊनंतर या, म्हटलं होतं मी,
दिवा मंद ठेवीन.
दाढाळांना तिसरी पापणी असते,
ट्यूबलाइटखाली ती नुसती फडफडते,
पालीच्या गळ्यासारखी.

दत्तवाडीतला दवाखाना, पहिला मजला.
आजी जिन्यात दोनदा थांबली.
त्यांचं काळीज पोटाच्या वर, उजव्या अंगाला,
चढ लागला की आधी तेच दमतं.
मागे नातू. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल.
शमीमने त्याच्या गळ्यात ॲप्रन बांधला,
नाडी पुरेना, मग कपडे वाळत घालायचा चिमटा लावला.

नाव?
हुंबर.
आडनाव?
आजी हसली. "दाढाळ तुम्ही म्हणता.
आमचं नाव सुळ्यांच्या फटीतून निघतं,
तुम्हाला जमायचं नाही. शीळ समजा."
मी रकान्यात रेघ ओढली.

"दोन्ही कापायचे," तो म्हणाला,
"ओठाच्या आत बसतील इतके.
सोमवारी मुलाखत आहे, खराडीला.
गिऱ्हाइकांशी बोलायचं काम."

कॉलेजात आम्हाला दाढाळांवर अर्धं पान होतं.
रक्त गर्द, लवकर गोठतं. भूल चढत नाही.
जबडा माणसाच्या तिप्पट. स्वभाव हिंस्र.
हे शेवटचं कशावरून, ते सरांनी सांगितलं नाही.
मी आरसा आत घातला:
दाढा सपाट, गाईसारख्या,
मुरूम, अंबाडी, शिळी भाकरी दळून गुळगुळीत झालेल्या.
हाड फोडेल असा एक दात नाही.

मग एक्स-रे लावला.
सुळ्यात आडवे पट्टे होते, वर्षाला एक.
मुलगा तेवीसचा,
आणि माझी पेन्सिल अडीचशेच्या पुढे गेली.

"मेलेल्याचा सुळा उगाळतात," आजी म्हणाली,
"आणि बाळाच्या हिरडीला चोळतात.
कोवळं हाड ते पितं आणि त्याच्याच मागून वाढतं.
आमच्यात कुणी लिहीत नाही, बाई.
आमची बखर तोंडात."

टोकापासून वाचत आली ती, नखाने.
"हा कात्रजचा. पाण्याचा नळ आम्ही खोदला,
अंधारात दिसतं ना आम्हाला.
उच्छ्वास ठेवले ते पाण्यासाठी.
खोदणारे श्वास घेतात, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही."
आणि हा पिवळा?
"प्लेग. आम्हाला होत नाही तो,
म्हणून मढी आमच्या खांद्यावर.
गाव परतलं तेव्हा ठरलं, रोग आम्हीच आणला."
हा तिरका?
"पानशेत."
नख तिथून पटकन उचललं तिने.

लढाया? मी विचारलं. पुस्तकात लढाया होत्या.
"एक झाली. हरलो नाही.
पगार बुडाला."

"मॅडम, किती वेळ लागेल?"
भूल चढणार नाही, मी म्हटलं.
"माहितीये." त्याने खुर्चीचे हात धरले.
उजवा हात नंतर बदलावा लागला.

भिजलेल्या चुनखडीचा वास पसरला.
आजीने पिशवीतून पेढ्यांचा डबा काढून
त्याच्या हनुवटीखाली धरला.
आधी कात्रज गेलं, पांढरं, बारीक.
मग बरीच वर्षं, ज्यांचं तिने काहीच सांगितलं नव्हतं.
मग प्लेग.
ओठ मिटेना.
पानशेतपर्यंत यावं लागलं.

आरशात पाहून तो हसला,
चांगला दिसत होता, खोटं कशाला बोलू.
मग, सवयीने असेल, त्याने आपलं आडनाव घेतलं.
नुसती हवा आली.
पुन्हा घेतलं.
शमीम उगाच कापूस मोजायला लागली.

पैसे राहू द्या, मी म्हटलं.
आजीची तिसरी पापणी खाडकन मिटली.
"पगार बुडाला तेव्हापासून
आम्ही फुकट करत नाही आणि फुकट घेत नाही."
दहा-दहाच्या नोटा, तीनदा मोजल्या.

ते गेले. शमीम फडकं घेऊन आली,
"ट्रेमध्ये थोडी भुकटी राहिलीय. टाकू?"
कात्रजची होती की प्लेगची, मला ओळखता येईना.
तेवढ्यात जिन्यातून, दोनदा थांबत,
पावलं परत वर आली.
दारात आजी. डब्याचं झाकण उघडं.